भाड्याच्या बीबीएफ पेरणी यंत्राचा रिव्ह्यू, उताऱ्याचा नाही तर खताचा

बीबीएफवर (म्हणजे रुंद वरंबा-सरी पेरणीवर) जे कुणी लिहितं ते उताऱ्यावरच लिहितं, एकरी किती वाढलं अन बियाणं किती वाचलं. ते थोडंफार खरंय, बियाणं वाचतंच. पण मला सांगायचंय ते वेगळंय, मोंढ्यातून लाईनीत उभं राहून आणलेली डीएपी खताची थैली (अन तीबी दुकानदार सोबत दोन नको त्या बाटल्या गळ्यात मारतो तवा मिळते) रानात राहते का नाल्यानं गोदावरीला जाते. त्या हिशोबानं बघितलं तर यंत्र भारी आहे, पण अर्धंच काम करतं अन चालवणाऱ्यावर लई अवलंबून आहे.

आमचं रान परभणी जिल्ह्यात, भारी काळं, चुनखडीचं. सोयाबीन अन त्यात तूर. यंत्र आम्ही एका गटाच्या अवजार बँकेकडून भाड्यानं घेतो ट्रॅक्टर-ड्रायव्हरसकट. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, चार फणं पेरत जातात अन दोन्ही कडंला रिजर (सरी पाडणारे फाळ) सरी पाडतात, म्हणजे पिकाच्या चार ओळी वरंब्यावर अन जास्तीच्या पाण्याला बाजूनं वाट. ही पद्धत काळ्या रानासाठीच इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ पाटणचेरूला बसवलेली, आपल्याकडं परभणीचं कृषी विद्यापीठ अन पोकरावाल्यांनी (सरकारचा कृषी संजीवनी प्रकल्प) गावोगाव नेली.

माझ्या दृष्टीनं यातली खरी वस्तू म्हणजे खताची वेगळी पेटी. खत वेगळ्या नळीतून बियाण्याच्या बाजूला अन जरा खाली पडतं, वर माती येते. आपल्याकडं अजून निम्मे लोक डीएपी हातानं इस्कटतात, नाहीतर बियाण्यातच कालवून पेरतात अन मग उगवण कमी झाली की बियाण्याच्या कंपनीला शिव्या. डीएपीत जास्त असतं ते स्फुरद (फॉस्फरस), ते आपल्या रानात जागचं हलत नाही, चुन्याला अन मातीच्या कणाला धरून बसतं, म्हणून ते मुळाजवळ पडलं तरच कामाचं. वर इस्कटलं की ते वरच्या बोटभर मातीत राहतं, अन मोठ्या पावसात सगळ्यात आधी तीच माती जाते. विरघळून जाणारं स्फुरद कमी, गाळाला चिकटून जाणारं जास्त, म्हणजे गढूळ पाणी बांध ओलांडायला लागलं की समजायचं थैली चालली. आम्ही एक तुकडा जाणूनबुजून सपाट पेरून ठेवला होता शेजारीच, जुलैच्या पावसात त्यातून चहासारखं पाणी चाललं होतं अन बीबीएफच्या सरीत पाणी बराच वेळ थांबून मुरायलं होतं, जे बाहेर निघालं तेबी बरंच निवळ.

अन ते गेलेलं कुठं जातं? ओढ्याच्या डबक्यात दिवाळीच्या सुमाराला हिरवी साय धरते ना, तिला हेच खाद्य. गोड्या पाण्यात शेवाळाला बहुतेक वेळा स्फुरदच कमी पडत असतं, ते मिळालं की ते बेफाम वाढतं, मग मरतं, सडतं, सडताना पाण्यातला ऑक्सिजन खातं अन मासे उलटे होतात. नांदेडला गोदावरीत जलपर्णी माजते त्यात शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे, सगळं शेतकऱ्यावर ढकलायचं कारण नाही, पण आपला हात अगदीच कोरा आहे असंबी नाही.

आता तक्रार. ड्रायव्हर लोकांना रानाच्या लांबीनं चालवायचं असतं, वळणं कमी, डिझेल कमी. उतार कुणीकडं आहे ते बघतच नाहीत. उताराला आडवी सरी पडली, जरासा ढाळ ठेवून, तर पाणी दमानं जातं. सरी उताराच्या दिशेनं पडली तर तीच सरी गटार होते अन सपाट रानापेक्षा जास्त माती सरळ ओढ्यात. आमच्या भावकीतल्या एकाच्या रानात हेच झालं, अन आता तो बीबीएफला नावं ठेवत फिरतो. उभं राहून आडवं चालवून घ्यायचं, वाद झाला तर झाला. अन सरीच्या तोंडाशी, जिथं पाणी रानाबाहेर पडतं तिथं दोन-तीन हात गवताचा पट्टा राहू द्या, ते तणनाशक मारून साफ करू नका, गाळ तिथंच बसतो. २०२५ च्या सप्टेंबरमधे मराठवाड्यात जे झालं त्याच्यापुढं मात्र काहीच टिकत नाही, रानंच्या रानं खरडून गेली, तिथं वरंबा काय अन सरी काय.

नत्राचं (नायट्रोजनचं) गणित वेगळंय अन इथं यंत्र कमी पडतं, हे कुठलाच डेमोवाला सांगत नाही. युरिया वर पडून राहिला तर आपल्या आठ-साडेआठ सामूच्या (पीएच) रानात त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो, मातीआड गेला तर ते बरंच थांबतं, इथवर बीबीएफ चांगलं. पण पुढं त्याचं नायट्रेट होतं अन नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाणी जिकडं तिकडं ते. सरीत मुरलेलं पाणी खाली जाताना त्यालाबी घेऊन विहिरीकडं जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे, अन केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले तपासलेले साधारण ३५ टक्के नमुने त्याच्या वर निघाले. तान्ह्या लेकराला असलं पाणी वाईट, अन उकळून नायट्रेट जात नाही बरं का, उलट पाणी आटून घट्ट होतं.

यावर यंत्राचा उपाय नाही, हिशोबाचा आहे. सोयाबीनला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश (पोटॅश). म्हणजे एकराला नत्र १२ किलो. डीएपीच्या एका थैलीतच ९ किलो नत्र अन २३ किलो स्फुरद येतं. राहिलं तीन किलो नत्र, त्याला सहा-सात किलो युरिया लई झाला. पालाश वेगळं टाका. आपण काय करतो, पाऊस लागून पीक पिवळं पडलं की एकरी थैलीभर युरिया फेकतो, स्वस्त पडतो मनून. साचलेल्या पाण्यात मुळावरच्या नत्राच्या गाठींना हवा मिळत नाही मनून ते पिवळं, नाहीतर चुनखडीमुळं लोह मिळत नाही मनून (कोवळं पान पिवळं अन शिरा हिरव्या असल्या की लोहच समजा). वरून फेकलेल्या युरियाचं ओल्या चिखलात जे होतं त्यात नायट्रस ऑक्साईड नावाचा वायूबी निघतो, कार्बन डायऑक्साईडच्या पावणेतीनशे पट तापवणारा. वरंब्यावर पाणी थांबत नाही मनून हे पिवळं पडणंच कमी होतं, अन माझ्या मते बीबीएफनं वाचवलेलं सगळ्यात मोठं नत्र हेच, न फेकलेला युरिया.

सर्व्हिसबद्दल. यंत्र ठीकठाक होतं पण खताची एक नळी मधेच तुंबली अन ड्रायव्हरला पत्ता नाही, त्या एका फणाखालची ओळ अर्ध्या रानात बिनखताची गेली ते महिनाभरानं पिकाच्या रंगावर दिसलं. दमट झालेलं खत पेटीत घालूच नका, दाणेदार अन कोरडं पाहिजे, भुकटी तर अजिबात नको. मागं एक माणूस नळ्या बघत चालायला ठेवा, ते काम ड्रायव्हरकडून होत नाही. गिअर खालचा लावायला सांगा, पळवलं की बियाण्याच्या चकत्या दाणे सोडून देतात. भाडं साध्या पेरणीपेक्षा एकरी दोन-तीनशे जास्त, ते मला महाग वाटलं नाही.

यंत्राला पाचपैकी चार, ड्रायव्हरला अडीच. मृग निघाला की सगळ्यांना एकाच आठवड्यात पाहिजे असतं मनून मे मधेच नंबर लावा, अन रान दोन एकराच्या आत असेल तर ते लोक यायला कुरकुर करतात, शेजाऱ्याचं जोडून बुकिंग करा.