जोड-टॉवरमध्ये ऑफिस घेण्याआधी

रत्नागिरीतल्या या दोन टॉवरच्या संकुलाचा दर्शनी जांभा देखणा आहे, पण खरी परीक्षा पश्चिमेच्या काचेची. नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येतो; सांध्यातलं सिलिकॉन सुटलं की पाणी थेट फॉल्स सीलिंगमध्ये. दोन टॉवरमधल्या फटीत वारा वेग घेतो आणि मुख्य दार नेमकं तिथेच! छत्री उलटणारच. रेलिंग ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं, म्हणून तांबूस डाग पडलेत; खाऱ्या हवेला गंज रोखणारा मॉलिब्डेनम धातू असलेलं ३१६ ग्रेडचंच हवं होतं. सज्जाच्या कडा फुगल्यात का, हे जरूर बघा. सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, नसेल तर क्षार लवकर आत पोचतो, गंज फुगतो, काँक्रीटचे ढलपे पडतात. एसीचं आउटडोअर युनिट समुद्राच्या बाजूला नको, कॉइल सडते. भाडं सारखंच असेल तर पूर्वेचा टॉवर घ्या.