मेसेजचा क्रम: काफ्का की एसक्यूएस फिफो?

एकाच ऑर्डरचे ‘पैसे भरले’ आणि ‘रद्द’ हे मेसेज उलटसुलट पोचले, तर रद्द झालेला मालही गोदामातून निघतो. काफ्का (एका सॉफ्टवेअरचे मेसेज साठवून दुसऱ्याकडे पोचवणारी प्रणाली) क्रम पाळतो तो फक्त एका पार्टिशनपुरता, म्हणजे मेसेजच्या एका स्वतंत्र रांगेपुरता. ऑर्डर क्रमांक हीच ‘की’ (जिच्यावरून मेसेजचं पार्टिशन ठरतं ती खूण) ठेवली, तर त्या ऑर्डरचे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये जातात. पुढे पार्टिशन वाढवले तर हे गणित बिघडू शकतं, म्हणून संख्या सुरुवातीलाच सढळ ठेवा.

एसक्यूएस फिफोमध्ये (ॲमेझॉनची क्रमाने मेसेज देणारी रांग-सेवा) क्रम मेसेज ग्रुपनुसार; इथे प्रत्येक ऑर्डरचा एक ग्रुप. एक मेसेज अडला तर त्या ग्रुपचेच पुढचे थांबतात, बाकीच्या ऑर्डरी चालू राहतात. काफ्कात, वेगळी सोय केली नसेल तर, मागचं अख्खं पार्टिशन खोळंबतं. निव्वळ ऑर्डरींसाठी मी फिफोच घेईन. जुने मेसेज पुन्हा वाचायचे असतील तर मात्र काफ्का.