गाडीच्या अ‍ॅव्हरेजची नोंद: वहीत की अ‍ॅपमध्ये?

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी दीड वर्ष मोबाईलमधलं अ‍ॅप वापरलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही. टाकी फुल ते टाकी फुल हा हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच: दोन फुल टाक्यांमधले किलोमीटर भागिले त्या काळात टाकलेले लिटर. गाडीच्या स्क्रीनवर दिसणारं अ‍ॅव्हरेज इथे धरत नाही. आमच्या वॅगनआरमध्ये ते कागदावरच्या हिशोबापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघालं.

अ‍ॅपचं सुख मोठं आहे. रीडिंग, लिटर, रक्कम टाकली की आकडा तयार. महिन्याचा खर्च दिसतो, आलेख दिसतो, पीयूसी आणि विम्याची आठवण होते. ऑफिसात पेट्रोलचा खर्च दाखवावा लागत असेल तर याहून सोयीचं काही नाही.

माझं अडलं वेगळ्याच ठिकाणी. आमची गाडी मी आणि बायको, दोघंही चालवतो, आणि अ‍ॅप होतं माझ्या फोनमध्ये. एकदा हडपसरला जाताना तिने हजाराचं पेट्रोल टाकलं, साधारण साडेनऊ लिटर. चार दिवसांनी मी टाकी फुल केली तेव्हा १७.९ लिटर बसलं. मागच्या फुल टाकीपासून गाडी ४८६ किलोमीटर चालली होती. अ‍ॅपने अ‍ॅव्हरेज दाखवलं २७.१! पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी एवढं कधीच देत नाही. तिचे साडेनऊ लिटर अ‍ॅपमध्ये नव्हतेच; ते धरून खरा आकडा होता १७.७. राहिलेली नोंद मागाहून भरता येते, पण पावती घेतलेली नसली की नेमके लिटर कुठून आणायचे? वर्षभरात असं चार-पाच वेळा झालं आणि एकूण सरासरीवरचा माझा भरवसाच उडाला. मग तिच्याही फोनमध्ये तेच खातं उघडून दिलं. पण मागच्या गाड्या हॉर्न मारत असताना पंपावर टाइप करत बसणं तिला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

वहीत जो पेट्रोल टाकेल तो लिहितो. तारीख, रीडिंग, लिटर, रुपये, आणि टाकी फुल असेल तर पुढे 'फु'. शेजारी शेरा: 'चौघं, एसी, खंबाटकी' किंवा 'हवा भरली'. या शेऱ्यांचा उपयोग मला पुढे कळला. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे थोडी घट धरूनच चाललो होतो. अ‍ॅव्हरेज साधारण एकाने उतरलं. सगळा दोष इथेनॉललाच दिला असता, पण वही उलटली तर 'हवा भरली' हा शेवटचा शेरा अडीच महिन्यांपूर्वीचा! हवा भरल्यावर निम्मी घट भरून निघाली.

वहीत आलेख नाही आणि भागाकार आपणच करायचा. हरवली तर सगळंच गेलं, म्हणून पान भरलं की मी फोटो काढून ठेवतो.

गाडी एकटेच चालवत असाल तर अ‍ॅप खुशाल घ्या. घरात एकाच गाडीला दोन-तीन हात लागत असतील, तर माझ्या मते वहीच बरी. जाड पुठ्ठ्याची घ्या आणि पेन ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत आमची दोन पेनं गळली, आता वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आहे.