सेफियस: लिमिट होल्डेममध्ये रेझ करावे की कॉल, हे सांगणारा प्रोग्रॅम

आखाजीला खान्देशात पत्त्यांचा फड बसतो, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. जळगाव, अमळनेर, भुसावळकडच्या आमच्या ओळखीतल्या अनेकांनी गेल्या काही वर्षांत तीनपत्तीसोबत होल्डेमही (हातातली दोन आणि मधली पाच सामाईक पाने घेऊन खेळायचा पोकरचा प्रकार) शिकून घेतले आणि त्यातल्या ज्यांना पैशांपेक्षा डावाच्या विचारात अधिक रस आहे ते लिमिट प्रकाराकडे वळले. आमच्याकडे चिप्सऐवजी चिंचोके चालतात आणि डाव संपला की ते डब्यात परत जातात. लिमिटमध्ये एका वेळी लावायची रक्कम, म्हणजे बेट, ठरलेली असते. पहिल्या दोन फेऱ्यांत लहान बेट, पुढच्या दोन फेऱ्यांत त्याच्या दुप्पट आणि एका फेरीत साधारणपणे चारच बेट. त्यामुळे 'किती लावू' हा प्रश्नच उरत नाही. पाने टाकायची (फोल्ड) नाहीत असे ठरल्यावर कॉल करावे (समोरच्याएवढीच रक्कम भरावी) की रेझ (ती आणखी एका बेटीने वाढवावी), एवढाच प्रश्न उरतो आणि तो डावात पुन्हा पुन्हा समोर येतो. हा प्रश्न मनापासून पडणाऱ्यांसाठी सेफियस या प्रोग्रॅमचे हे परीक्षण आहे.

सेफियस कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वेळी विद्यापीठाने संकेतस्थळावर हा प्रोग्रॅम सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. त्याच्याशी डाव खेळावा किंवा अमुक पाने असताना तो काय करील हे त्याला विचारावे, अशा दोन्ही सोयी त्यात ठेवल्या होत्या. पैशांचा संबंध कुठेही नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्यामुळे ही गोष्ट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची ठरते. शिकण्यासाठी पैशांच्या ॲपकडे वळण्याची गरज मुळात नाहीच.

या प्रोग्रॅमला माणसाच्या डावांची उदाहरणे देऊन शिकवलेले नाही. तो स्वतःशीच खेळत गेला आणि प्रत्येक निर्णयाच्या जागी दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळाले असते, याचा हिशोब ठेवत आपली रीत सुधारत गेला. या कामासाठी ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस चालले. शेवटी जी रीत हाती आली तिच्याविरुद्ध सर्वोत्तम खेळ करणाऱ्यालाही डावामागे सरासरी एका मोठ्या ब्लाइंडच्या (पाने पाहण्याआधी सक्तीने लावायच्या रकमेच्या) हजाराव्या भागाइतकाही फायदा होत नाही. दिवसाचे १२ तास, तासाला २०० डाव या गतीने कोणी ७० वर्षे खेळत राहिला तरी ही रीत परिपूर्ण नाही असे त्याला खात्रीने म्हणता येणार नाही, असा निबंधकर्त्यांचा हिशोब आहे. त्यामुळे दोघांच्या लिमिट होल्डेमपुरते तरी सेफियसचे उत्तर मी अंतिम मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोघांच्या डावात लहान ब्लाइंड (मोठ्याच्या निम्मी सक्तीची रक्कम) डीलर लावतो आणि पहिल्या फेरीत पहिली चालही त्याचीच असते. तिथे अर्धी बेट भरून कॉल करण्याची आणि फ्लॉप (मधली पहिली तीन सामाईक पाने) स्वस्तात पाहण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, कारण तीनपत्तीतली साधी चाल अंगवळणी पडलेली असते. सेफियस या जागी जवळजवळ कॉल करतच नाही. त्याच्या कॉलचे प्रमाण ०.०६ टक्के एवढेच आहे आणि कुठलीही पाने घेतली तरी ते अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाही. पाने खेळण्याजोगी असतील तर रेझ, नसतील तर फोल्ड, असा त्याचा सरळ व्यवहार आहे. माझ्या मते याचे कारण जागेत आहे. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत डीलर शेवटी बोलतो, त्यामुळे पॉट (मधे जमलेली रक्कम) मोठा झाला तर त्याचा लाभ त्यालाच अधिक होतो. शिवाय नुसत्या कॉलने समोरचा कधीच पाने टाकत नाही.

एवढे वाचून कोणी 'जोरदार पाने असली की रेझच करायचे' असा अर्थ काढील, तर त्याने पुढची गोष्ट अवश्य पाहावी. डीलरने रेझ केले, समोरच्याने पुन्हा रेझ केले आणि आता त्या फेरीतले शेवटचे रेझ डीलरच्या हातात आहे. इथे एक्क्यांची जोडी घेऊन आपल्यापैकी प्रत्येक जण चौथी बेट लावील. सेफियस मात्र एक्क्यांच्या जोडीवरही ते रेझ ०.०१ टक्क्यापेक्षा कमी वेळा करतो. तो कॉल करतो. हे रेझ सर्वात जास्त वेळा होते ते दुर्रीच्या जोडीवर आणि तेही ०.०६ टक्केच. मला हा या प्रोग्रॅममधला सर्वात मोलाचा धडा वाटतो. चौथ्या बेटीने पॉटमध्ये समोरच्याची एक लहान बेट वाढते, पण हातातली पाने उघडी पडल्यासारखी होतात. कॉल केले तर समोरचा अंधारात राहतो आणि दुप्पट बेटींच्या फेऱ्या अजून पुढे असतात. त्या वेळी आपण शेवटी बोलणार असतो. म्हणजे रेझ आणि कॉल यांतली निवड केवळ पानांच्या ताकदीवरून होत नसून पुढच्या फेऱ्यांत कोणाला काय कळणार आहे यावरूनही होते.

शोधनिबंधात पहिल्या दोन निर्णयांचे तक्ते दिले आहेत: १६९ चौकोन (हातातल्या दोन पानांच्या प्रत्येक प्रकारासाठी एक), लाल म्हणजे फोल्ड, निळा म्हणजे कॉल आणि हिरवा म्हणजे रेझ. काही चौकोनांत रंग मिसळलेले आहेत, कारण तिथे तो ठरावीक प्रमाणात कधी हे तर कधी ते करतो. मोबाईलवर चौकोन फार बारीक दिसतात, तेव्हा तक्ता रंगीत छापून समोर ठेवावा. इंग्रजीची अडचण असणाऱ्यालाही रंगांवरून तो वाचता येतो.

मात्र सेफियस कारण सांगत नाही. उत्तर तेवढे मिळते, त्यामागचा विचार आपण जुळवायचा. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. हे सारे फक्त दोन खेळाडूंसाठी आहे आणि आपल्या ओसरीवरच्या फडात पाच-सहा जण बसलेले असतात. तिथे त्याचे उत्तर जसेच्या तसे लावले तर नुकसान होईल. एक उदाहरण घेऊ. फ्लॉपला पॉटमध्ये सहा लहान बेट आहेत, आपल्या हातात एक्का-दश्शी आहे आणि फ्लॉपवरचे सर्वात मोठे पान दश्शी. आपल्या आधीच्याने बेट लावली, पॉट सात झाला. आपण कॉल केले तर पुढच्या खेळाडूला आठसाठी एकच बेट भरावी लागते. त्याच्याकडे मधल्या पानाची जोडी असेल तर न दिसलेल्या ४७ पानांपैकी पाच पाने (त्या जोडीची उरलेली दोन आणि त्याच्या दुसऱ्या पानाची तीन) त्याला तारतात. पुढच्याच पानावर ते न घडण्याची शक्यता घडण्याच्या ८.४ पट आहे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या बेटी धरल्या तर त्याने राहणेच योग्य. आपण रेझ केले तर त्याला नऊसाठी दोन भराव्या लागतात आणि राहणे महाग पडते. इथे रेझ करायचे ते मागच्यांना बाहेर काढण्यासाठी.

पाने अपुरी असतानाही हाच हिशोब बदलत जातो. फ्लॉपला चार बदाम जमले असतील तर पुढच्या दोन पानांत पाचवे बदाम येऊन फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. तिघे कॉल करणार असतील तर नव्या पैशांतला चौथा हिस्सा आपला आणि जिंकण्याची आशा ३५ टक्के, म्हणून रेझ फायद्याचे ठरते. एकच जण समोर असेल तर हिस्सा निम्मा होतो आणि तेच रेझ केवळ पानांच्या बळावर परवडत नाही. तो पाने टाकील किंवा टर्नला (चौथ्या सामाईक पानावर) चेक करील, म्हणजे काही न लावता चाल पुढे देईल, अशी आशा हवी. आपण शेवटी बोलत असू आणि त्याने टर्नला चेक केले, तर एका जादा लहान बेटीच्या बदल्यात एक मोठी बेट वाचते. त्याने उलट रेझ केले तर मात्र खर्च वाढतो, हेही धरून चालावे.

रिव्हरला, म्हणजे शेवटच्या सामाईक पानावर, प्रश्न पुन्हा वेगळा होतो. समोरच्याच्या बेटीसकट पॉट सात मोठ्या बेटींचा असेल तर कॉल करायला आठात एकदा जिंकलो तरी पुरते, त्यामुळे तिथे घाईने पाने टाकणे फार महाग पडते. रेझसाठी मात्र तो ज्या पानांवर कॉल करील त्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक वेळा आपण पुढे असायला हवे, कारण तो पुन्हा रेझ करू शकतो. मागे अजून दोघे बोलायचे असतील तर उत्तम पाने असूनही कधी कधी कॉलच बरा, कारण दोघांच्या दोन बेट येऊ शकतात आणि रेझने ते दोघेही उठून जातात.

दोघांच्या डावाचा मनापासून सराव करणाऱ्याला मी सेफियस नि:शंकपणे सुचवीन. ज्यांचा फड मोठा आहे त्यांनी त्याच्याकडून पहिल्या चालीची शिस्त आणि एक्क्यांच्या जोडीवरचा तो कॉल तेवढा घ्यावा, आणि पुढचा हिशोब कागद-पेन घेऊन स्वतः करावा.