आधी आच्छादन की आधी शेडनेट? उन्हाळा सरताना बागेसाठी काय निवडावं

उन्हाळ्याचा शेवटचा टप्पा झाडांना सर्वांत जड जातो. माती खोलवर तापलेली असते आणि नुसतं पाणी वाढवून भागत नाही. अशा वेळी मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं की वर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बांधावी? दोन्ही जमलं तर फारच छान. एकच करायचं असेल तर आधी पाहा, झाडं जमिनीत आहेत की कुंडीत.

जमिनीतल्या झाडांसाठी मी डोळे मिटून आच्छादन निवडेन. उघडी माती वरून कडक होते, तिला भेगा पडतात आणि घातलेलं पाणी मुरण्याऐवजी बाजूने वाहून जातं. वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर असला की ऊन थेट मातीवर पडत नाही, पाणीही कमी उडतं. भर दुपारी थोडी पानं बाजूला सारून मातीत बोट घालून बघा. शेजारची उघडी माती चटका देत असते आणि इथे मात्र बोटाला गार ओल लागते. पुढे हीच पानं कुजून मातीला खत मिळतं, ते वेगळंच.

मात्र कोरड्या मातीवर पानं पसरू नका. आधी भरपूर पाणी देऊन माती आतपर्यंत भिजवा, नाहीतर वरवर शिंपडलेलं पाणी पानंच पिऊन टाकतात. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, तिथे सतत ओल राहिली तर खोड सडतं. ताजं कापलेलं गवत जाड थरात घालू नये. ते गच्च बसतं आणि कुजताना तापतं, म्हणून आधी वाळवून घ्यावं.

कुंड्यांचं गणित वेगळं. ऊन कुंडीच्या बाजूंवरही पडतं आणि मुळं नेमकी त्या बाजूंना चिकटून वाढलेली असतात. काळी प्लॅस्टिकची कुंडी तर आणखीच तापते. वर कितीही पानं घाला, बाजूने येणारी ही उष्णता थांबत नाही. म्हणून गच्चीत किंवा बाल्कनीत आधी सावली करा. नेट विकत आणण्याआधी कुंड्या एकमेकींना खेटून ठेवून पाहा, मोठ्या कुंड्यांच्या सावलीत लहान कुंड्या बऱ्याच सावरतात.

नेट घेताना ५० टक्के ऊन अडवणारी घ्यावी की ७५ टक्के, हा प्रश्न येतोच. मिरची, वांगी, गुलाब, जास्वंद यांना ५० टक्के पुरे. ७५ टक्क्यांखाली ही झाडं उंच, लुकडी होतात आणि फुलं कमी देतात. ती नेट फर्नसारख्या सावलीतल्या झाडांसाठी ठीक. नेट झाडांना टेकवू नका, वर दोन-तीन फूट तरी हवा खेळू द्या. शिवाय दुपारनंतरचं ऊन तिरकं येतं. नेट फक्त डोक्यावर ताणली तर पश्चिमेकडून झाडं भाजतच राहतात, त्यामुळे त्या बाजूलाही एक पट्टा सोडा.

दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, तेव्हा माती बहुतेक वेळा ओलीच असते. मुळं देतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडत असतं. अशा झाडाला आणखी पाणी नको, सावली हवी. सकाळीही पानं मलूल असतील आणि माती कोरडी लागत असेल तर पाणी आणि आच्छादन. टोमॅटो-मिरचीच्या फळांवर उन्हाच्या बाजूने पांढरट, कागदासारखे डाग दिसले तर ते ऊन लागल्याचे असतात. तिथे आच्छादनाचा उपयोग नाही, नेटच लागते.

पुढे पाऊस सुरू झाला की खोडाजवळ सरकलेली पानं मागे ओढा, त्यांच्याखाली गोगलगायी लपतात. नेट मात्र ढगाळ दिवशी काढा. सावलीला सरावलेली पानं एकदम कडक उन्हात आली तर करपतात.