कॅलरीचं अ‍ॅप, हातातला बँड आणि न जाणारा थकवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घेतलं काय ते आधी सांगते. कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन, त्याला जोडला जाणारा मनगटावरचा बँड आणि स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल वजनकाटा. कंपन्यांची नावं देत नाही, कारण ऑफिसातल्या मैत्रिणींच्या फोनवर दुसरी अ‍ॅपं आहेत आणि त्यांची तऱ्हाही थोड्याफार फरकाने हीच आहे. माझं वय ४३, उंची १५७ सेंमी, सुरुवातीचं वजन ७१ किलो. नोकरी नाशिकला अंबड एमआयडीसीत, अकाउंट्सला. म्हणजे दिवसभर खुर्ची.

तिघांत काटा अव्वल, आणि तोच सगळ्यांत स्वस्त. अ‍ॅपमधली ‘मध्यम आकाराची पोळी’ आणि आमच्या घरची घडीची पोळी यांचं काही नातं नाही, हे कणकेचा उंडा काट्यावर ठेवल्यावर कळतं. दाण्याच्या कुटाचं तर विचारूच नका. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत आपण सवयीने मूठभर टाकतो. ती मूठ ३० ग्रॅम भरली तर साधारण १७० कॅलरी झाल्या, म्हणजे दीड-दोन फुलक्यांइतक्या. फोडणीची पळीही एकदा मोजून बघा. काट्याबद्दल तक्रार शून्य.

अ‍ॅपचे पहिले दोन महिने झकास गेले. वजन भराभर उतरलं, कुडते सैल झाले, सोसायटीत विचारणा सुरू झाली. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या, आठवड्यातून तीनदा जिम. तिसऱ्या महिन्यापासून मात्र अंगातला जोर कोणी काढून घ्यावा तसं झालं. झोप पुरेशी, ताप नाही, सर्दी नाही, तरी दुपारी तीनच्या सुमाराला स्क्रीनवरचे आकडे डोळ्यांसमोर पोहायला लागायचे. ज्या पायऱ्या गप्पा मारत चढायचे तिथे अर्ध्यावर टेकायची वेळ आली. छातीत धडधड, हात-पाय गार, फणीत केसांचे गुंते. आणि एक विचित्र गोष्ट: तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायचा नाद लागला. डब्यातून चिमूट घेऊन चावत बसायचं, आणि ते छान लागायचं!

ट्रेनर म्हणाला, बॉडी अ‍ॅडजस्ट होतेय, मॅडम. एक मैत्रीण म्हणाली, डिटॉक्स होतंय. सासूबाई म्हणाल्या, दोन घास जास्त जेव गं. या तिघांत सर्वांत जवळ कोण होतं ते पुढे कळेलच.

अ‍ॅप काय म्हणत होतं? रोज हिरवी खूण, ‘शाब्बास, तुम्ही लक्ष्याच्या आत आहात!’ लक्ष्य होतं १२०० कॅलरी. हा आकडा येतो कुठून, ते मी अखेर वहीत मांडून पाहिलं. अकाउंट्सवाल्या बाईला एवढं तर जमायलाच हवं. १९९०पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं सूत्र आहे: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. माझं उत्तर आलं सुमारे १३१५. दिवसभर नुसतं पडून राहिले तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीराला एवढं लागतं. हलक्या हालचालीचा हिशेब धरला की दिवसाचा खर्च १८००च्या आसपास जातो. आता गंमत बघा. अ‍ॅपमध्ये वेगाची पट्टी आधीपासूनच ‘आठवड्याला १ किलो’वर असते. किलोभर चरबीच्या ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे रोज ११०० वजा. १८००तून ११०० गेले की उरतात ७००. एवढं कमी सांगायला कंपनीही धजत नाही, म्हणून खाली १२००ची फरशी घातलेली. माझ्यासाठी म्हणून कोणी काढलेला तो आकडा नव्हेच. माझ्यापेक्षा पंधरा किलोंनी जड असलेल्या सहकारी मैत्रिणीलाही १२००च दिलेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला होता. सहा महिने रोज सुमारे १५७० कॅलरी आणि आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर चाल. पोरं गळून गेली, सतत थंडी वाजू लागली, डोक्यात जेवणाशिवाय काही राहीना. ते पुरुष माझ्याहून उंच आणि खर्चिक शरीराचे, त्यामुळे थेट तुलना नको. पण १२०० आणि वर पांडवलेणी हा बेत त्या प्रयोगापासून फार लांबचाही नाही.

तरी थकव्याचा निम्मा हिशेब बाकी होता. पट्टी ‘आठवड्याला पाव किलो’वर आणली, रोजचे तीनशेएक कॅलरी वाढवले, तरी जिना चढताना दम लागतच होता. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी), फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्यायला सांगितलं. थायरॉइड ठीक. बी-१२ काठावर. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे बायकांसाठीच्या १२च्या रेषेवर जेमतेम पास. कोणीही बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद परत दिला असता. पण फेरिटिन ८. शरीरात लोहाचा साठा किती शिल्लक आहे ते यावरून कळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात प्रौढांसाठी १५च्या खाली म्हणजे कमतरताच. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं, त्यामुळे नुसत्या सीबीसीत हे निसटतं. कच्च्या तांदळाचं सांगितल्यावर डॉक्टर हसले. लोह कमी असलेल्या बायका तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काहीबाही खातात, हे त्यांच्या रोजच्या बघण्यातलं.

लोह गेलं कुठे? चाळिशीनंतर पाळीचा रक्तस्राव वाढलाय, हे पहिलं कारण. त्याची नोंद माझ्याच फोनवरच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये इमानेइतबारे होत होती, पण या दोन अ‍ॅपांची एकमेकांशी बोलचाल नाही. दुसरं, खाणं कमी केलं की लोहही कमीच पोटात जातं. आणि तिसरं म्हणजे ग्रीन टी! आमच्या ऑफिसातल्या डाएटवाल्यांचा नेम: डबा संपला की लगेच ग्रीन टी. चहातली टॅनिनं डाळी-भाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. ग्रीन टी असो की आल्याचा कडक चहा, जेवणाच्या आगेमागे तासभर नको. अ‍ॅपमध्ये मात्र ग्रीन टीपुढे ‘२ कॅलरी’ आणि हिरवं पान.

लोहाची गोळी डॉक्टरांनी एक दिवसाआड दिली. एका गोळीनंतर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचा दिवसभर लोहाची वाट अडवून धरतं, म्हणून रोज घेण्यात फारसं हशील नाही, असं त्यांनी समजावलं. सोबत लिंबूपाणी. शौच काळं होतं, थोडं बद्धकोष्ठही होतं, घाबरायचं कारण नाही. पण गोळ्या मनाने आणून खाऊ नका. लोह जास्त झालं तर तेही घातक. तांदळाचा नाद सगळ्यांत आधी सुटला. पायऱ्या परत जमायला दोनेक महिने लागले.

अ‍ॅपचा एक कोपरा मात्र खरंच उपयोगी आहे: प्रथिनांचा आलेख. दिवसाला जेमतेम ३६ ग्रॅम जात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५९ तरी हवीत. वाटीभर पातळ वरणाने ती भरत नाहीत. आता सकाळी दोन अंडी, डब्यात मोडाची मटकी, रात्री दही वाढवलंय. भाकरी नागलीची असते.

बँडबद्दल थोडक्यात. पावलं आणि नाडी बरोबर दाखवतो, धडधड होतेय हे त्याच्यावरच मला दिसलं. ‘जळालेल्या कॅलरी’ मात्र करमणूक म्हणून बघाव्यात. स्टॅनफर्डच्या २०१७च्या अभ्यासात असे सात बँड तपासले होते. कॅलरींच्या बाबतीत त्यातला सर्वांत अचूक सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या आकड्याच्या भरवशावर मिसळीची दुसरी तर्री मागवू नये, आणि आज कमी चाललो म्हणून रात्रीचं जेवणही टाळू नये.

आज वजन ६५ आहे, महिन्याला किलोभराच्या आतबाहेर उतरतंय. फेरिटिन पुन्हा तपासलं, २९ आलंय; गोळी अजून चालू आहे. काट्याला पाचपैकी पाच, बँडला तीन, अ‍ॅपला दोन, तेही प्रथिनांच्या आलेखापायी. सबस्क्रिप्शन संपलं की वाढवणार नाही. तो आलेख फुकटच्या आवृत्तीतही दिसतो. त्या पैशांत वर्षातून दोनदा फेरिटिन होतं.