युनिट कन्व्हर्टर ॲप, आठ महिन्यांनंतर: हे ‘पीबी’ म्हणजे नेमकं कोणतं?

पाच टेप कमी पडल्या म्हणून हे लिहायला बसले आहे. एरवी आठ महिने मी या ॲपबद्दल चांगलंच बोलत होते.

काम असं होतं. व्हिडिओचा जुना संग्रह डिस्कवरून एलटीओ-९ टेपवर (माहिती साठवायची चुंबकीय टेप) उतरवायचा. स्टोरेजच्या स्क्रीनवर आकडा दिसत होता १.९ पीबी. ॲपमध्ये १.९ पेटाबाइट टाकले, टेराबाइटमध्ये उत्तर मागितलं, १,९०० आलं. एका टेपमध्ये १८ टेराबाइट मावतात. (डब्यावर ४५ लिहिलेलं असतं, पण तो दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) माहितीचा हिशेब. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तेव्हा ४५ विसरायचं.) म्हणजे १०६ टेप झाल्या. आठ जादा धरून ११४ मागवल्या. शेवटची टेप भरली आणि ८७ टेराबाइटच्या वर माहिती डिस्कवरच उरली.

दोन दिवस मी पुरवठादाराशी भांडले, की टेपमध्ये १८ मावतच नाहीत. त्यांच्या माणसाने माझ्यासमोर कोरी टेप भरून दाखवली, अगदी पूर्ण १८. मग स्टोरेजकडून सरळ बाइट्सचा आकडा काढला, तेव्हा उलगडा झाला. पेटाबाइटमध्ये किलो, मेगा, गिगा अशी प्रत्येक पायरी १००० ची असते, पेबिबाइटमध्ये १०२४ ची. ती स्क्रीन दर पायरीला १०२४ ने भागते आणि पुढे ‘पीबी’ लिहिते. म्हणजे ते पेबिबाइट होते. १.९ पेबिबाइट म्हणजे जवळपास २,१३९ टेराबाइट, आणि त्याला ११९ टेप लागतात.

चूक स्क्रीनची, हे मान्य. पण ज्या ॲपचं कामच एकक बदलणं, त्याने मला सावध करायला नको? ॲपमध्ये १०००/१०२४ असं एक बटण आहे, खाली उजव्या कोपऱ्यात, नखाएवढं. ते १०२४ वर ठेवलं आणि ॲप बंद करून उघडलं की पुन्हा १००० वर जातं. बरं, बटण कुठेही असो, नाव मात्र ‘पीबी’च राहतं. सहकाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला तर त्यालाही कळत नाही की हा कोणता हिशेब. आठ महिन्यांत मी हे बटण किती वेळा फिरवलं असेल! त्या दिवशी राहिलं.

किलोबाइटला १००० आणि १०२४ च्या हिशेबातला हा फरक २.४ टक्के असतो, तिथे कोणी लक्ष देत नाही. मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळपास १०. प्रत्येक पायरीला पुन्हा १.०२४ ने गुणाकार, त्यामुळे चक्रवाढ व्याजासारखा तो चढत जातो. पेटाला १२.६, एक्साला १५.३, झेटाला १८ आणि योटाला २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जिथे चूक सगळ्यात महाग पडते, तिथेच ती सगळ्यात मोठी होते. आणि १०२४ च्या हिशेबाची किबी, मेबी, पेबी, एक्सबी ही नावं याच घोळासाठी १९९८ साली ठरवली गेली. ती वापरायला इतका संकोच का, हे मला खरंच समजत नाही.

इथपर्यंत लिहून मी एक तारा देणार होते. पण आरोप करण्याआधी खात्री करावी म्हणून सगळ्या सेटिंग उघडून पाहिल्या. ‘प्रगत’ नावाच्या पानाच्या तळाशी ‘पेबी, एक्सबी वेगळी दाखवा’ असा पर्याय निघाला. तो लावला की ते बटणच नाहीसं होतं, यादीत पेटाबाइट आणि पेबिबाइट शेजारीशेजारी येतात, आणि ॲप बंद केलं तरी सेटिंग टिकते. म्हणजे बनवणाऱ्याला प्रश्न ठाऊक होता, उत्तरही तयार होतं, फक्त ते दडवून ठेवलं. माझा राग अर्धा उतरला. पण हा पर्याय पहिल्यापासून चालू असायला हवा, यावर मी ठाम आहे.

चांगलंही सांगते. टेपच्या खोलीत नेटवर्क येत नाही, तिथेही हे बिनबोभाट चालतं. वेगाचा हिशेब उत्तम करतं: १० गिगाबिटच्या लाइनवर एक पेटाबाइट हलवायला आठ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस. पेबिबाइट असेल तर सुमारे २८ तास जास्त. २०२२ मध्ये आलेले रोना आणि क्वेटाही (योटाच्या वरच्या पायऱ्या) यादीत आहेत. मला ते लागणार नाहीत, पण बनवणारा जागा आहे हे त्यावरून कळतं.

अचूकतेला मात्र एक मर्यादा आहे. ९,००७,१९९,२५४,७४०,९९३ बाइट्स टाकून पाहा, शेवटचा ३ जाऊन २ होतो. आत ५३ बिटांचा (० आणि १ अशा ५३ अंकांचा) हिशेब चालतो, तो साधारण नऊ पेटाबाइटपर्यंतच एकेक बाइट मोजू शकतो. आमचा संग्रह त्याच्या आत बसतो. एक्साबाइटमध्ये काम करणाऱ्यांनी शेवटच्या अंकांवर विसंबू नये.

आणखी एक. फोन मराठीत असला की ॲप लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देतं. पैशांना ते छान, पण इथे हजार-हजारचेच हवेत, कारण मग स्वल्पविराम मोजून एकक कळतं: चार म्हणजे टेरा, पाच म्हणजे पेटा, सहा म्हणजे एक्सा. हे बदलायची सोय मला सापडली नाही. बनवणाऱ्याला कळवलं आहे.

तूर्त तीन तारे. पर्याय पहिल्यापासून चालू झाला तर पाच करीन.

उरलेल्या टेप परवा आल्या. या वेळी मागणीवर मी ‘पीबी’ लिहिलंच नाही, पूर्ण आकडा लिहिला: २,१३९,४७६,२०५,०५७,०२४ बाइट्स.